वस्तीचं पत्रक वाढवताना : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या हातात आधीच एखादं पत्रक आहे, मग ते ले-आऊटचं (प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीचं) असो, मोहल्ल्याचं, वाचनालयाचं किंवा महिला मंडळाचं, आणि शेजारच्या वस्त्याही त्यात याव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. कायद्याची माहिती कामापुरती दिली आहे. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वकिलांना किंवा सीएंना दाखवाच.

आमचं चार पानांचं पत्रक आहे. पानं आणि प्रती वाढवल्या की नेटवर्क झालं, असंच ना?

पानं वाढवली की पत्रक जाड होतं, त्याचं नेटवर्क होत नाही. मानेवाड्यात बसून जरीपटक्याची बातमी लिहिली, तर जरीपटक्यातल्या वाचकाला दुसऱ्याच ओळीत कळतं की लिहिणारा इथला नाही. चौकाचं नाव कागदावरचं असतं, लोकांच्या तोंडातलं नसतं. पाणी कोणत्या वेळी येतं हे अधिकाऱ्याला विचारून लिहिलेलं असतं आणि नळावर भांडी लावणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलेलं असतं.

जरीपटक्याचं पान जरीपटक्यातल्या माणसांनी काढायचं, इंदोऱ्याचं इंदोऱ्यातल्या, मोमिनपुऱ्याचं मोमिनपुऱ्यातल्या. कोणती बातमी घ्यायची हे तिथेच ठरतं. बातमीची तपासणी, कायद्याचा सल्ला, छपाई, हिशेब आणि प्रशिक्षण या एकट्या वस्तीला न परवडणाऱ्या गोष्टी सामाईक ठेवायच्या. बाहेरच्याला जे कळूच शकत नाही ते वस्तीच्या हाती सोडायचं. खालची बहुतेक उत्तरं याच एका वाटणीतून आलेली आहेत.

शहरात इतकी दैनिकं निघतात. मग हे कशाला?

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या दरम्यानची रात्र आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, डागा ले-आऊट आणि कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरलं, मोरभवनचं बसस्थानक बुडालं. दुसऱ्या दिवशी शहराची बातमी सगळ्यांनी दिली आणि ती द्यायलाच हवी होती. पण ज्याच्या घरात चिखल साचला होता त्याला वेगळंच विचारायचं होतं. पंचनाम्याची माणसं आज कोणत्या गल्लीत येणार? घरमालक पुण्यात आहे, मग भाडेकरूच्या नुकसानीचं काय? आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक दोन्ही भिजलं, आता कोणता कागद चालेल? शहरभर पसरलेल्या दैनिकाला गल्लीगल्लीचं हे उत्तर देता येत नाही. गल्लीतल्या माणसाला येतं, पण त्याने ऐकलेलं तपासून देणारं कुणीतरी मागे उभं असेल तरच. नसेल तर त्याच रात्री अफवाही तितक्याच वेगाने फिरते.

पूर रोज येत नाही, हे खरं. रोजचं पाहायचं तर महापालिकेचे १० झोन आहेत आणि लक्ष्मीनगर झोनच्या गडरलाइनचं आशीनगर झोनमधल्या माणसाला काही पडलेलं नसतं. ५७२ आणि १९०० ले-आऊटचं (नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आऊटच्या दोन गटांचं) नाव काढलं की अर्ध्या शहराच्या मनात आजही तेच प्रश्न येतात: रस्ता मनपाचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा), डिमांडची रक्कम भरली पण आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) का मिळालं नाही, प्लॉट मैदानाच्या आरक्षणात तर नाही ना. एप्रिल-मे महिन्यांत कोणाच्या टिल्लू पंपामुळे शेवटच्या घरांना पाणी पोहोचत नाही, यावरून शेजारी शेजारी बोलेनासे होतात. या गोष्टींना शहराच्या पानावर जागा मिळत नाही, पण माणसाचा अर्धा जीव त्यांतच अडकलेला असतो.

दैनिकांशी स्पर्धा करू नका, हेही इथेच सांगतो. तुमची तपासलेली बातमी वाचून एखाद्या दैनिकाचा वार्ताहर वस्तीत आला, तर त्याला चहा पाजा आणि कागद दाखवा. प्रश्न सुटणं महत्त्वाचं.

असं काही नागपुरात आधी झालं आहे का?

झालं आहे, आणि ते फार कमी सांगितलं जातं. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना उभा केला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि पुढे ‘चोखामेळा’ अशी पत्रं त्यांनी काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ मुंबईतून निघाला तो ३१ जानेवारी १९२० रोजी. त्याआधीच या भागात, ज्यांना कोणी छापत नव्हतं त्यांनी स्वतः छापायला सुरुवात केली होती. छापखाना आपला असावा हा बनसोड्यांचा आग्रह आज तुमच्या यादीतल्या फोन नंबरांनाही लागू पडतो. वाचकांची यादी दुसऱ्याच्या हातात असेल, तर पत्रक तुमचं नाही.

आणि मारबत आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा सोबतच्या बडग्यांवर (पुतळ्यांवर) त्या वर्षीचे प्रश्न पाट्यांवर लिहिलेले असतात. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, जे काही लोकांना छळत असेल ते. आपला राग चौकात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या शब्दांत मांडायची सवय या शहराला आहे. आपल्याला त्या सवयीला नाव, तारीख आणि पुरावा जोडायचा आहे.

किती वस्त्यांपासून सुरुवात करावी?

तीन. एकमेकींपासून वेगळ्या, पण एकाच प्रश्नाने बांधलेल्या. नाग नदीच्या काठच्या तीन वस्त्या घेता येतील, किंवा कळमना, पारडी, भरतवाडा असा पूर्वेचा पट्टा, किंवा बेसा-हुडकेश्वरकडची नवी ले-आऊट. प्रश्न सामाईक असला की पहिल्याच अंकात लोकांना एकमेकांचं पान वाचावंसं वाटतं. दहा झोनमध्ये दहा वस्त्या हा विचार नकाशावर छान दिसतो, पण पहिल्या वर्षी कुणालाच पुरं पडता येत नाही.

वस्तीचे वार्ताहर कुठून आणायचे?

आणायचे नाहीत, ते तिथेच असतात. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा, पेपर टाकणारा मुलगा, झेरॉक्सवाला, ई-रिक्षावाले दादा यांना वस्तीतलं सगळं माहीत असतं. पण एक काळजी घ्या. आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई शासनाच्या यंत्रणेत काम करतात. आरोग्य केंद्राबद्दलची तक्रार त्यांच्या नावाने छापली, तर त्रास त्यांना होईल. त्यांनी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दोन ठिकाणांहून पक्की करा आणि त्यांचं नाव बाहेर ठेवा.

कॉलेजची मुलं लवकर तयार होतात आणि लवकर निघूनही जातात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ आणि मांडणी शिकवायला बोलवा. वस्तीचं पान मात्र तिथेच राहणाऱ्याच्या हाती ठेवा. चाळिशीतली, दहावी झालेली, गल्लीत सगळ्यांना ओळखणारी बाई ही माझ्या मते सर्वांत भरवशाची वार्ताहर. चित्रकूटमध्ये २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ ग्रामीण बायकांनी, त्यांतही बऱ्याच दलित बायकांनी, बुंदेलीत चालवलं. छापील पत्रापासून पुढे त्या मोबाइलवरच्या व्हिडिओंपर्यंत गेल्या. लिहायला शिकवता येतं. चार दशकांची ओळख शिकवता येत नाही.

त्यांना पैसे द्यायचे का?

हो. थोडे असले तरी ठरलेले आणि ठरलेल्या तारखेला. फुकट कामावर उभं केलेलं जाळं शेवटी ज्यांच्या घरात आधीच दुसरा पगार येतो त्यांच्याच हातात जातं, आणि मग वस्तीतल्या गरीब गल्लीची बातमी पुन्हा कुणीतरी बाहेरूनच लिहू लागतं. पैसे कमी असतील तर अंक कमी काढा.

भाषा कोणती ठेवायची?

वस्ती बोलते ती. महालात आणि गोळीबार चौकात आपली नागपुरी मराठी, मोमिनपुऱ्यात उर्दू-हिंदी, जरीपटक्यात सिंधी वळणाची हिंदी. एकाच अंकात दोन भाषांची पानं असायला काहीच हरकत नाही. ‘करून राहिला’ असं कोणी सांगितलं तर तसंच छापा, ते शुद्ध करत बसू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बातमी आवाजात द्या. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवरून हे केलं. लोक फोन करून गोंडीत किंवा हिंदीत आपली गोष्ट नोंदवत, ती तपासली जाई आणि मग बाकीचे फोनवरच ऐकत. नागपूरच्या कडेच्या वस्त्यांत गोंडी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा आवाज चार पानांपेक्षा जास्त कामाचा.

कागद की व्हॉट्सॲप?

दोन्ही, वेगवेगळ्या कामांसाठी. आज पाणी येणार नाही, शिबिर उद्या आहे, पंचनामा दुपारी आहे, हे व्हॉट्सॲपवर. ज्याला चार दिवसांनी पुन्हा पाहावं लागतं, कापून ठेवावं लागतं, साहेबांच्या टेबलावर ठेवावं लागतं, ते कागदावर. झोन कार्यालयात मोबाइल पुढे करणाऱ्यापेक्षा छापलेलं पान ठेवणाऱ्याचं म्हणणं जास्त ऐकलं जातं. पानटपरी, दवाखाना, रेशन दुकान, बुद्धविहार, मंदिर, मशीद, दर्गा, जिथे माणूस थांबतो तिथे एक प्रत चिकटवा.

व्हॉट्सॲपच्या मर्यादा आधीच माहीत करून घ्या. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ सदस्य बसतात आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे बायकांना नकोसं होतं आणि ते बरोबरच आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या चॅनेलवर ही संख्येची अडचण नाही आणि वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण उलट बोलता येत नाही. म्हणून चॅनेल सगळ्या जाळ्याचं एक ठेवा आणि बोलण्यासाठी प्रत्येक वस्तीचा एक नंबर द्या. तो नंबर एका माणसाच्या खाजगी सिमचा नको. माणूस गेला की नंबर जातो, नंबर गेला की वस्ती जाते.

ग्रुपवर कुणी आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिनवर केस होते का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असावा लागतो. हा दिलासा आहे, ढिलाई करायचं कारण नाही. दंगलीची अफवा पाच मिनिटं जरी ग्रुपवर राहिली, तरी जे व्हायचं ते होऊन जातं. ती काढायला रात्रीसुद्धा कुणीतरी जागं असलं पाहिजे, म्हणून प्रत्येक ग्रुपला वेगवेगळ्या घरांतले तीन ॲडमिन हवेत.

नोंदणी करावी लागते का?

ठरावीक काळाने छापून निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं मत देणारं प्रकाशन कायद्याने नियतकालिक ठरतं. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला आहे. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्र होतो आणि प्रमाणपत्र प्रेस रजिस्ट्रार जनरल देतात. नोंदणीशिवाय काढल्यास दंडाची तरतूद आहे. शीर्षक निवडताना दोन-चार पर्याय ठेवा, कारण ‘नागपूर’ आणि ‘टाइम्स’ असलेलं बहुतेक काहीतरी आधीच घेतलेलं असतं. वस्त्या दहा असल्या तरी शीर्षक एक आणि प्रत्येक वस्तीचं पान आत, हे सोपं पडतं.

फक्त मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर बातम्या देत असाल तर त्या कायद्याची नोंदणी लागत नाही. पण डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं, तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवावी लागते. आचारसंहितेशी संबंधित नियम ९ मधली पहिली आणि तिसरी उपकलमं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केली. तक्रारीचा १५ दिवसांचा नियम मात्र कायदा नसता तरी पाळावा असाच आहे.

आपलं रेडिओ केंद्र काढता येईल?

कम्युनिटी रेडिओचा परवाना ना-नफा संस्थेला, शिक्षणसंस्थेला किंवा कृषी विज्ञान केंद्राला मिळतो. स्वयंसेवी संस्था असेल तर किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. २००६ पर्यंत हे दार फक्त शिक्षणसंस्थांसाठी उघडं होतं. प्रसारण १०० वॉटचं, म्हणजे पल्ला साधारण १० किलोमीटर. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते, जाऊन बघण्यासारखी आहे. मोठी अट अशी की स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर फक्त आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. पाणी, वीज, हवामान, वाहतूक, प्रवेश, नोकऱ्या, आपत्ती यांची माहिती देता येते. म्हणजे बातमी कागदावर, माहिती आणि गाणी हवेत. पहिल्या तीन वर्षांत यात पडू नका.

संस्था काढायची की कंपनी?

महाराष्ट्रात सात जणांची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, दोन्हीकडे नोंदवली जाते. पुढे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. किती चांगल्या संस्था याच एका कागदावरून वर्षानुवर्षं अडकून पडतात! कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी हिशेबाला कडक, पण खर्चिक. काहीही निवडा, कार्यकारी मंडळात प्रत्येक वस्तीची एक जागा संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवा. मौखिक शब्दावर सोडू नका.

पैसा कुठून येणार?

आधी कुठून घ्यायचा नाही ते सांगतो. बातम्या देणाऱ्यांना परदेशी देणगी विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ ने बंद आहे. तुमचा अमेरिकेतला भाचा परदेशी नागरिक असेल, तर त्याने प्रेमाने पाठवलेले पैसेही यात येतात.

मग वर्गणी. घरामागे महिन्याला चहाच्या दोन कपांइतकी. ती गोळा करायला जाणारा माणूस दारात उभा राहतो तेव्हा पुढच्या अंकाच्या चार बातम्या घेऊन परत येतो, म्हणून ऑनलाइन सोय असली तरी दारावर जाणं सोडू नका. त्यानंतर जाहिराती. सावजी भोजनालय, ट्युशन क्लास, कूलर दुरुस्ती, शिलाई, मेस, दवाखाना यांना आपल्या दोन किलोमीटरमधलाच गिऱ्हाईक हवा असतो आणि मोठ्या दैनिकाचा दर परवडत नाही. त्यांना तीन वस्त्यांचं एकत्र पॅकेज द्या. या वाढीचा खरा आर्थिक फायदा इथेच आहे. संस्थेला करसवलत असेल, तर जाहिरातीचं उत्पन्न किती चालतं हे सीएंना आधी विचारा.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कायद्याने मनाई नाही, पैसेही चांगले येतात. पण ज्या पानावर त्यांचा फोटो आहे त्याच पानावर त्यांच्या प्रभागातल्या खड्ड्याची बातमी वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. घ्यायच्याच असतील तर सगळ्या पक्षांना एकच दर, ‘जाहिरात’ हा शब्द वर मोठ्या अक्षरात आणि वर्षाचा हिशेब अंकात.

बातमी तपासायची कशी?

तीन प्रश्न: कोणी पाहिलं, कोणता कागद आहे, ज्याच्यावर आरोप आहे तो काय म्हणतो? तिघांपैकी एक नसेल तर थांबा. कागदासाठी माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तर ३० दिवसांत. ‘रस्ता का केला नाही’ असं विचारू नका. त्या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, बिल दिल्याची तारीख मागा. एका वस्तीने मागितलेला कागद दुसरीला कामी येतो, म्हणून सगळे अर्ज आणि उत्तरं एका जागी जपा. दोन वर्षांत ती फाइल तुमच्या अंकांपेक्षा मौल्यवान होईल.

काय अजिबात छापायचं नाही?

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख. नाव नाहीच, पण गल्ली, शाळा, वडिलांचा धंदा असं ओळख पटवणारं काहीही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ हेच सांगतं. शहराच्या दैनिकात ‘एका वस्तीतील मुलगी’ लिहिलं तर ओळख झाकली जाते, तुमच्या पत्रकात तेवढ्यानेच ती उघडी पडते. वस्ती लहान, म्हणून जबाबदारी मोठी. अशी बातमी सामाईक तपासणीतून गेल्याशिवाय कोणत्याही पानावर जाऊ नये.

दोन वस्त्यांमध्ये वाद झाला तर?

होणारच. वरच्या वस्तीने नाल्यावर भिंत बांधली की पाणी खालच्या वस्तीत शिरतं, आणि दोघांची पानं एकाच अंकात असतात. दोन्ही पानं छापा, शेजारी शेजारी. मधल्या पानावर नाल्याचा नकाशा आणि मनपाचं म्हणणं द्या. एका पानाने दुसऱ्याचं पान थांबवायचा अधिकार कुणालाही नको. थांबवता येईल ते फक्त खोटं असेल तर किंवा कायद्याने मना असेल तर, आणि तसं थांबवल्याचं कारण लेखी द्यायचं.

निवडणुकीत काय करायचं?

प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न, तेवढीच जागा, उत्तर आलं नाही तर रिकामी चौकट. लोकसभा-विधानसभेची प्रचारपत्रकं छापताना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. तुमच्या छापखान्याला कुणी बिननावाचं पत्रक छापायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. आणि तुमच्यातला कुणी उमेदवार झाला, तर त्याने त्या दिवसापासून पान सोडायचं.

एखादी वस्ती मध्येच गळाली तर?

तिचं पान बाहेरून भरू नका. तिथे ‘या वस्तीला वार्ताहर हवा आहे’ एवढं छापा आणि खाली नंबर द्या.

चाललंय ते बरं चाललंय हे कसं कळणार?

फॉलोअर मोजू नका. दर तीन महिन्यांनी वहीत लिहा: किती गडर दुरुस्त झाले, किती तक्रारी आल्या आणि कितींना उत्तर दिलं, किती दुरुस्त्या छापल्या, किती घरांनी वर्गणी पुन्हा दिली, आणि त्यातली किती घरं झोपडपट्टीतली होती. ती वही प्रत्येक वस्तीत उघडी ठेवा, कुणीही येऊन पाहू शकेल अशी.